घटस्फोटात घराचं मूल्यांकन कसं करून घ्यावं (इंदूर)

ओळंबा

घटस्फोटाच्या बोलणीत घराचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, "घराचे किती येतील?" त्याच्याही आधी चार गोष्टी कागदावर ठरायला हव्यात: मूल्यांकन कशासाठी, कोणत्या तारखेचं, कोणत्या प्रकारचं मूल्य आणि नेमक्या कोणत्या हक्काचं. हे न ठरवता दोन बाजूंनी दोन मूल्यांकक आणले, तर त्याच घराचे एक ८४ लाख सांगतो आणि दुसरा ६७, आणि दोघांचंही गणित बरोबर असतं. एकाने आजचा बाजारभाव काढलेला असतो, दुसऱ्याने बँकेच्या सक्तीच्या विक्रीचा.

कशासाठी: गोवा सोडला तर आपल्याकडे लग्नामुळे घर आपोआप अर्धं-अर्धं होत नाही. रजिस्ट्री ज्याच्या नावावर, घर त्याचं. मूल्यांकन लागतं ते मुख्यतः चार ठिकाणी. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खाली संमतीने वेगळं होताना एकाने दुसऱ्याचा हिस्सा घ्यायचा असेल तेव्हा, कलम २५ ची कायमची पोटगी ठरताना, सामाईक घराच्या वाटणीच्या दाव्यात, आणि रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालानंतर पोटगीच्या प्रकरणात दोघांना द्यावं लागणारं मालमत्तेचं शपथपत्र भरताना. शपथपत्रात घराचा आकडा अंदाजे टाकला आणि पुढे अहवालात वेगळा आला, तर उलटतपासणीत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

तारीख: वेगळे राहू लागले ती, याचिका दाखल झाली ती, की आजची? समझोत्यात दोघं जी मान्य करतील ती चालते. मी आजची सुचवतो, कारण जुन्या तारखेचे तुलनेचे व्यवहार शोधणं अवघड असतं. पण वेगळं झाल्यानंतर एकाच व्यक्तीने वरचा मजला चढवला असेल, तर दोन तारखांचं मूल्य काढून फरक दाखवावा.

प्रकार: "बाजारमूल्य" असं स्पष्ट लिहा. राजीखुशीने विकणारा, राजीखुशीने घेणारा, दोघांनाही माहिती, पुरेसा वेळ, कोणावर दबाव नाही, ही त्याची व्याख्या. घटस्फोटातला विकणारा बहुतेक वेळा दबावाखाली असतो. त्याच्या निकडीमुळे आकडा खाली येऊ नये, म्हणून ही व्याख्या पत्रात उतरवून घ्यायची.

हक्क: पूर्ण घराचं मूल्य काढा, हिस्सा नंतर. "अर्ध्या अविभक्त हिश्शाचं मूल्य" मागितलं तर मूल्यांकक त्यात सूट धरेल, कारण बाहेरचा माणूस अर्धं घर पूर्ण दराने घेत नाही. इथे तर घेणारा घरातलाच आहे आणि त्याच्या हातात पूर्ण घर येणार आहे. मग ती सूट कशाला?

केसरबाग

मूल्यांकक निवडताना नक्की काय बघायचं? बँकेच्या यादीतला असला की पुरे का?

ओळंबा

बँकेच्या यादीत असणं म्हणजे अनुभव आहे, एवढंच. नोंदणी दोन प्रकारची असते. एक, संपत्तीकर कायदा १९५७ च्या कलम ३४एबी खाली आयकर खात्याकडे. संपत्तीकर गेला, ही नोंदणी राहिली. त्यांचा अहवाल ओ-१ नमुन्यात येतो आणि भांडवली नफ्याच्या हिशेबात वापरता येतो. दुसरी, कंपनी कायद्याच्या कलम २४७ आणि २०१७ च्या नियमांखाली आयबीबीआयकडे, म्हणजे नादारी व दिवाळखोरी मंडळाकडे. तिथे मालमत्तेचे वर्ग आहेत, त्यात "जमीन व इमारत" हा वर्ग असलाच पाहिजे. यंत्रसामग्री किंवा शेअरवाला मूल्यांकक घरासाठी उपयोगाचा नाही. दोन्ही नोंदणी असलेले बरेच जण भेटतात. नोंदणी क्रमांक अहवालाच्या प्रत्येक पानावर मागा.

फी आकड्याच्या टक्केवारीत ठरवू नका. ठोक रक्कम, लेखी, दोघांनी निम्मी-निम्मी, आणि अहवाल हातात येण्याआधी पूर्ण दिलेली. नाहीतर ज्याला आकडा आवडत नाही तो आपला वाटा अडवून धरतो.

सनद

वकिली बाजूने भर घालते.

घर दोघांच्या नावावर असेल तर आधी रजिस्ट्रीत हिस्से लिहिले आहेत का ते वाचा. लिहिलेले नसतील तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४५ लागतं: ज्याने जितके पैसे घातले त्या प्रमाणात हक्क, आणि पैशाचा पुरावा नसेल तर समान हक्क गृहीत. म्हणून मूल्यांककाच्या समांतर दुसरी फाइल चालू करा. सुरुवातीची रक्कम कोणत्या खात्यातून गेली, हप्ते कोणत्या खात्यातून, दागिने मोडले असतील तर सोनाराची पावती. स्त्रीधन ही पत्नीची स्वतंत्र मालमत्ता आहे, हे प्रतिभा राणी प्रकरणात १९८५ मध्येच सांगून झालंय. दागिने मोडून भरलेली रक्कम ही तिची गुंतवणूक आहे, तिला "घरखर्च" म्हणू देऊ नका. बँक जुन्या नोंदी किती वर्षं देईल यावर अवलंबून राहू नका, खातेउतारे आजच मागवा.

नवऱ्याने स्वतःच्या ज्ञात उत्पन्नातून बायकोच्या नावावर घेतलेलं घर बेनामी ठरत नाही, बेनामी कायद्यात तशी स्पष्ट सूट आहे. पण त्या सुटीमुळे घर नवऱ्याचंच हेही आपोआप सिद्ध होत नाही. पैसे देताना हेतू काय होता, हा पुराव्याचा भाग.

रामबागकर

एक बाजू म्हणते, गाइडलाइन सरकारी आहे, तिच्यात वाद नाही, तीच धरा. मूल्यांककाचा खर्चही वाचेल. यात चूक काय?

ओळंबा

रामबागकर, गाइडलाइन ही मुद्रांक शुल्क वसुलीसाठीची किमान पातळी आहे. महाराष्ट्रात रेडी रेकनर, गुजरातेत जंत्री, तसं मध्य प्रदेशात कलेक्टर गाइडलाइन. ती कॉलनीचा किंवा रस्त्याचा एक दर देते. तुमच्या घरासमोरचा रस्ता २० फुटी की ४०, प्लॉट टी-जंक्शनवर आहे का, मागे नाला आहे का, हे तिला माहीत नसतं. गुजरातचं उदाहरण घ्या: तिथे २०११ ची जंत्री १५ एप्रिल २०२३ ला जमिनीसाठी एकदम दुप्पट झाली. त्या दिवशी जमिनींचे भाव दुप्पट झाले नव्हते. इंदूरमध्ये सुपर कॉरिडॉर किंवा बायपासच्या पट्ट्यात गाइडलाइन आणि प्रत्यक्ष भाव यांत मोठं अंतर पडतं. जुन्या शहरातल्या अरुंद गल्लीत उलटही होतं, गाइडलाइन जास्त आणि गिऱ्हाईक कमी.

तरीही गाइडलाइनचा आकडा अहवालात वेगळ्या ओळीत हवाच. कर आणि मुद्रांक शुल्क दोन्ही त्यावर अडतात. दर दरवर्षी साधारण १ एप्रिलला बदलतात, त्यामुळे कोणत्या वर्षाची गाइडलाइन वापरली ते नोंदवायला सांगा. जमिनीचा आणि बांधकामाचा दर त्यात वेगळा असतो. बरेच जण फक्त जमिनीचा बघून "गाइडलाइन एवढीच" असं सांगत सुटतात.

हिशेबनीस

करावर लिहितो. १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलमांचे आकडे लोकांना माहीत आहेत म्हणून तेच वापरतो. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा आहे, कलमांचे क्रमांक बदललेत.

पहिली गोष्ट, कलम ५०सी. पैसे घेऊन हिस्सा विकला आणि किंमत गाइडलाइनपेक्षा कमी असेल, तर नफा गाइडलाइनवर मोजतात. १० टक्क्यांपर्यंत फरक चालतो. अर्धा हिस्सा ३० लाखांना दिला आणि त्या हिश्शाची गाइडलाइन ३६ लाख असेल, तर मर्यादा ३३ लाखांची होती, ती ओलांडली, म्हणून विक्री ३६ लाखांची धरणार. इथेच नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल कामाला येतो. बाजारमूल्य खरंच कमी आहे असं म्हणून आयकर खात्याच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवायची मागणी करता येते.

दुसरी, वेळ. मालमत्ता कमी किमतीत किंवा फुकट मिळाली तर घेणाऱ्यावर ५६(२)(एक्स) खाली कर लागू शकतो. नातेवाइकांकडून मिळालेल्याला सूट आहे आणि जोडीदार नातेवाईक आहे. घटस्फोटाचा हुकूम झाल्यावर तो जोडीदार उरत नाही. म्हणून हस्तांतरण हुकुमाच्या आधी किंवा हुकुमाचाच भाग म्हणून व्हावं. "नंतर निवांत रजिस्ट्री करू" असं म्हणून ठेवलेली प्रकरणं इथेच अडकतात.

तिसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक आहे. जोडीदाराला विनामोबदला दिलेल्या मालमत्तेचं उत्पन्न देणाऱ्याच्या उत्पन्नात मिळवतात, कलम ६४. पण वेगळं राहण्याच्या कराराच्या संदर्भात दिलेली मालमत्ता त्या तरतुदीतूनच वगळलेली आहे. करारात "वेगळं राहण्याच्या कराराच्या अनुषंगाने" असे शब्द हवेत.

स्नेहलतागंज

ओळंबा, प्रत्यक्ष आकडा कसा बनतो ते एका उदाहरणात दाखवाल का? अहवाल हातात आला की नेमकं काय तपासायचं ते कळत नाही.

ओळंबा

दर केवळ उदाहरणाचे आहेत, कोणत्याही कॉलनीचे समजू नका.

प्लॉट २० बाय ५०, म्हणजे १,००० वर्गफूट. तुलनेच्या व्यवहारांवरून दर ₹६,५००. जमीन ₹६५,००,०००.

बांधकाम तळमजला ७०० आणि पहिला मजला ७००, एकूण १,४०० वर्गफूट. तशाच दर्जाचं नवं बांधायला ₹१,७०० दराने ₹२३,८०,०००. इमारत १८ वर्षांची, आरसीसी, आयुष्य ६० वर्षं धरलं, शेवटी १० टक्के भंगारमूल्य. घसारा १८ गुणिले ९० भागिले ६०, म्हणजे २७ टक्के, ₹६,४२,६००. उरले ₹१७,३७,४००.

बोरिंग, पाण्याची टाकी, कंपाउंड वॉल, गेट यांचे घसारा वजा जाता ₹१,५०,०००.

एकूण ₹८३,८७,४००. कर्ज बाकी ₹२२,४०,०००. निव्वळ ₹६१,४७,४००. हिस्से समान असतील तर प्रत्येकी ₹३०,७३,७००.

यात सगळ्यात मोठा आकडा जमिनीचा आहे, आणि वाद मात्र लोक टाइल्स आणि मॉड्युलर किचनवर घालतात. जमिनीच्या दरात ₹५०० चा फरक पडला की पाच लाख हलतात. किचन दीड लाखाचं असलं तरी दहा वर्षांनी त्याचं काय उरतं? म्हणून अहवालात तुलनेचे किमान तीन व्यवहार मागा: ठिकाण, तारीख, क्षेत्रफळ, दर, आणि आपल्या घराशी जुळवताना किती टक्के कमी-जास्त केले ते. कोपऱ्याचा प्लॉट, रस्त्याची रुंदी, मुख्य रस्त्यापासून अंतर, व्यवहार किती जुना, प्रत्येकासाठी वेगळी ओळ. "परिसरात चौकशी करून दर ठरवला" एवढंच वाक्य असेल तर अहवाल परत पाठवा.

जाहिरातीतला दर हा मागितलेला भाव असतो, झालेला नसतो. दुसरीकडे रजिस्ट्रीतला आकडा अनेकदा गाइडलाइनच्या आसपासच लिहिलेला असतो, त्यामुळे तो प्रत्यक्षापेक्षा खाली. चांगला मूल्यांकक दोन्ही टोकं नोंदवून मधला दर का घेतला ते लिहितो.

फ्लॅट असेल तर जमीन आणि बांधकाम वेगळं करायचं नाही, सरळ तुलनेने दर काढायचा. पण क्षेत्रफळ कोणतं ते आधी बघा. इंदूरमध्ये सुपर बिल्टअपवर (जिना, लॉबी यांचा वाटा धरून) सौदे होतात, रेराच्या कागदात कार्पेट (फक्त आतलं क्षेत्र) असतं. एका व्यवहाराचा सुपर बिल्टअपचा दर घेऊन तो आपल्या कार्पेटला लावला की फ्लॅट विनाकारण स्वस्त होतो.

सनद

ओळंबा, कागदांची यादीही द्या ना. अर्धे अहवाल कागदांवाचून लटकतात.

ओळंबा

रजिस्ट्री किंवा लीज डीड. नामांतरण (फेरफार) आदेश. नगर निगमच्या मालमत्ता कराची चालू पावती. भवन अनुज्ञा (बांधकाम परवानगी) आणि पास झालेला नक्शा. शेतजमिनीतून निघालेली कॉलनी असेल तर डायवर्शन (बिनशेती) आदेश आणि खसरा, म्हणजे जमिनीचा उतारा. सहकारी गृहनिर्माण संस्थेचा प्लॉट असेल तर वाटपपत्र आणि संस्थेची एनओसी. कर्जाचा उतारा.

यातले तीन अडथळे इंदूरमध्ये वारंवार येतात.

विकास प्राधिकरणाच्या स्कीममधले, उदाहरणार्थ ५४, ७४ किंवा ७८ नंबरमधले, आणि गृहनिर्माण मंडळाचे प्लॉट मुळात लीजवर दिलेले. फ्रीहोल्ड, म्हणजे पूर्ण मालकीचं, झालं आहे की नाही यावर मूल्य बदलतं. झालं नसेल तर रूपांतराचा खर्च आणि थकीत लीज भाडं वजा करून मूल्य दाखवायचं. तुलनेचे प्लॉट फ्रीहोल्ड आणि आपला लीजचा, ही गफलत तर नेहमीची.

एमओएस सोडला नसेल, म्हणजे नियमाने मोकळी ठेवायची जागा बांधून टाकली असेल, तर त्या जादा बांधकामाचं मूल्य वेगळं दाखवा. नक्शाबाहेरच्या बांधकामावर बँक कर्ज देत नाही. घर ठेवणाऱ्याला दुसऱ्याचा हिस्सा द्यायला कर्ज काढायचं असेल, तर सगळा व्यवहार तिथे कोसळतो.

कॉलनीच अवैध यादीत असेल तर ती नियमित झाली आहे का, याचा कागद हवा. "होणार आहे" यावर दर लावू नये.

काळीमाती

बांधकामाच्या स्थितीबद्दल. इंदूरची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. उथळ पाया आणि प्लिंथ बीम (जोत्याची तुळई) नसलेल्या जुन्या घरांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा निघतात, त्या दरवर्षी उघडझाप करतात. प्लास्टरच्या केसासारख्या रेघा वेगळ्या, त्या आकसण्याच्या असतात आणि मूल्यावर त्यांचा परिणाम नगण्य. तिरपी भेग भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिसत असेल, तर सरळ घसारा पुरत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून दुरुस्तीचा अंदाज घेऊन ती रक्कम वेगळी वजा करावी.

एक काळजी घ्या. घर ठेवणारी बाजू पाहणीच्या दिवशी प्रत्येक भेग दाखवते, सोडणारी बाजू रंग लावून ठेवते. पाहणी शक्यतो रंगकाम होण्याआधी, आणि छताची गळती बघायची तर पावसाळ्यात किंवा लगेच नंतर.

केसरबाग

एक बाजू घरात राहते आणि मूल्यांककाला आतच येऊ देत नाही. मग?

सनद

आधी लेखी नोटीस, तीन पर्यायी तारखांसह. तरी नाही म्हटलं तर न्यायालयाकडे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ नियम ९ खाली कमिशनर नेमायचा अर्ज. त्या नियमात स्थानिक पाहणीच्या कारणांमध्ये "मालमत्तेचं बाजारमूल्य ठरवणं" हे शब्द आहेतच, ओढूनताणून लावायला नको. कुटुंब न्यायालयाच्या अखत्यारीत पतीपत्नींच्या मालमत्तेचे वाद येतात, १९८४ च्या कायद्याचं कलम ७ बघा. कमिशनरला दोन्ही बाजूंनी प्रश्नांची यादी द्यावी, फक्त "किंमत सांगा" नको.

बाहेरून बघून केलेला अहवाल तात्पुरता म्हणून चालतो, पण आत गेलो नाही हे त्यात ठळक लिहिलेलं हवं. आणि मूल्यांककाला साक्षीला बोलवावं लागेल हे आधीच सांगून ठेवा. तज्ज्ञाचं मत आता भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ३९ खाली येतं, नुसता कागद दाखल करून ते सिद्ध होत नाही. साक्षीचे पैसे वेगळे पडतात, तेही ठरवून घ्या.

रामबागकर

प्लॉट सासऱ्यांच्या नावावर, वरचा मजला मुलगा-सुनेच्या पैशातून बांधलेला. याचं मूल्यांकन कसं करायचं? आपल्या जुन्या मराठी वस्त्यांमध्ये अशीच घरं जास्त आहेत.

सनद

जमीन सासऱ्यांची, ती पतीपत्नीच्या हिशेबात येतच नाही. सुनेला तिथे राहण्याचा हक्क कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ खाली मागता येतो, घर सासऱ्यांचं असलं तरी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सतीशचंद्र आहुजा प्रकरणात म्हटलंय. पण तो राहण्याचा हक्क, मालकी नव्हे. वरच्या मजल्यासाठी दिलेले पैसे हा पैशाचा दावा होतो आणि तो पुराव्यावर उभा राहतो: ठेकेदाराची बिलं, सळई-सिमेंटच्या पावत्या, बँकेतून गेलेल्या रकमा.

ओळंबा

आणि मूल्यांककाला तसंच सांगायचं: फक्त पहिल्या मजल्याचं, जमीन वगळून, घसारा वजा जाता बांधकाम मूल्य. ७०० वर्गफूट, ₹१,७०० दर, वय ८ वर्षं धरलं तर ₹११,९०,००० मधून १२ टक्के जाऊन ₹१०,४७,२०० उरतात. पूर्ण घराच्या बाजारभावाचा अर्धा मागून तडजोड मोडण्यापेक्षा हा आकडा सिद्ध करणं शक्य असतं. जिन्याचा आणि कॉमन टाकीचा भाग कसा वाटला, तेही नोंदवून घ्या.

हिशेबनीस

कर्जाच्या ओळीवर थोडं. बाकी रक्कम म्हणजे ॲपवर दिसणारा आकडा नव्हे, बँकेचं फोरक्लोजर पत्र (कर्ज पूर्ण फेडायला किती लागतील ते) घ्या. त्यात त्या तारखेपर्यंतचं व्याज असतं. बदलत्या दराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराला मुदतपूर्व फेडीचा दंड नाही.

वेगळं झाल्यानंतर एकानेच हप्ते भरले असतील तर सगळे हप्ते त्याच्या नावावर जमा धरायची मागणी होते. ₹२४,००० चे ३६ हप्ते म्हणजे ₹८,६४,०००. पण साडेआठ टक्के व्याज असेल आणि शेवटी बाकी ₹२२,४०,००० उरत असेल, तर त्या तीन वर्षांत मुद्दल उतरलं जेमतेम अडीच लाखांच्या थोडं वर. उरलेलं व्याज. भरणारा त्याच घरात राहत असेल तर व्याज त्याने राहण्याच्या बदल्यात सोसलं असं धरणं रास्त, आणि मुद्दलाची जमा त्याला द्यावी. बाहेर भाड्याने राहून हप्ते भरणाऱ्याचा हिशेब मात्र वेगळा, त्याने व्याजातला दुसऱ्याचा अर्धाही मागावा. दोन्ही बाजूंना बँकेच्या मुद्दल-व्याज विभागणीचा तक्ता द्या, अर्धा वाद तिथेच मिटतो.

दुसरं, वजावटी. दलाली, भविष्यातला भांडवली नफा कर, हे निव्वळ मूल्यातून वजा करा असं घर ठेवणारी बाजू म्हणते. विक्री होतच नसेल तर दलाली वजा करायचं कारण नाही. कराचं मात्र तथ्य आहे. ओळंबांच्या उदाहरणात प्लॉट आणि बांधकाम मिळून २२ लाखांत झालं असेल आणि हिस्सा विनामोबदला मिळाला असेल, तर घेणाऱ्याला जुनीच खरेदी किंमत मिळते. उद्या ८३.८७ लाखांना विकलं तर नफा ६१.८७ लाख, साडेबारा टक्के दराने ₹७.७३ लाख आणि वर अधिभार व उपकर. २३ जुलै २०२४ आधी घेतलेल्या घराला इंडेक्सेशनसह (खरेदी किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरून) २० टक्क्यांचा पर्यायही आहे, दोन्ही मोजून कमी तो घ्यायचा. अर्थात दुसरं घर घेतलं तर कलम ५४ ची सूट मिळू शकते. म्हणून पूर्ण कर वजा करणं जास्तीचं होईल, शून्य धरणंही अन्यायाचं. लवकर विकायचा स्पष्ट इरादा असेल तर निम्मा धरा, असं मी सुचवतो. नियम नव्हे, बोलणी सुरू करायची जागा.

ओळंबा

दलालीवर सहमत. कराच्या बाबतीत माझं मत वेगळं आहे. मूल्यांकन अहवालात कर येऊच नये, तो समझोत्याच्या तक्त्यात वेगळा दाखवा. अहवालात मिसळला की बाजारमूल्यच वादात येतं.

हिशेबनीस

मान्य. तक्त्यातच असावा.

स्नेहलतागंज

दोन अहवाल आधीच झालेत आणि त्यांत १५ लाखांचा फरक आहे. सरासरी काढून मोकळं व्हायचं का?

ओळंबा

लगेच नको. दोन्ही अहवाल शेजारी ठेवून पाच ओळी जुळवा: प्लॉटचं क्षेत्रफळ, जमिनीचा दर, बांधकामाचं क्षेत्रफळ, बांधकामाचा दर, वय आणि घसारा. बहुतेक वेळा फरक एका-दोन ओळींतच सापडतो. रजिस्ट्रीत वर्गमीटर आणि अहवालात वर्गफूट असेल तर १०.७६४ ने गुणून बघा, एकाने ढोबळ १० ने गुणलेलं सापडतं. रजिस्ट्रीतलं माप आणि जागेवरचं माप यांतही फरक असतो, तेव्हा दोन्ही लिहून कमी ते धरणं सुरक्षित. बाल्कनी आणि छज्जा एकाने पूर्ण धरला, दुसऱ्याने सोडला, हेही होतं.

हे सगळं सुधारल्यावर जो फरक उरेल तो १० टक्क्यांच्या आत असेल तर सरासरी घ्या. जास्त असेल तर दोन्ही मूल्यांककांनी मिळून तिसरा निवडावा आणि त्याचा आकडा दोघांवर बंधनकारक, असं आधीच लिहून घ्यावं.

सुरुवातीपासून एकच मूल्यांकक नेमणं मात्र सगळ्यात स्वस्त. त्यासाठी दोघांच्या सहीचं पत्र असं:

"आम्ही दोघे खाली वर्णन केलेल्या घराचे नोंदीनुसार सहमालक आहोत. परस्पर संमतीने वेगळे होताना हिश्शांचा हिशेब करण्यासाठी या घराचे दि. ____ रोजीचे बाजारमूल्य काढून द्यावे. मूल्य पूर्ण मालमत्तेचे काढावे, अविभक्त हिश्शाची सूट धरू नये, सक्तीच्या विक्रीचे मूल्य धरू नये. जमीन, मंजूर बांधकाम, नक्शाबाहेरील बांधकाम आणि गाइडलाइन मूल्य वेगवेगळे दाखवावे. चल वस्तू वगळाव्यात. पाहणीच्या वेळी आम्ही दोघे किंवा आमचे प्रतिनिधी हजर राहू. आमच्यापैकी कोणीही एकट्याने आपल्याशी मूल्याबद्दल बोलणार नाही. अहवालाची प्रत दोघांना एकाच वेळी द्यावी. फी ₹____, दोघांनी समान, आगाऊ."

शेवटून तिसरं वाक्य गाळू नका. मूल्यांककाला एका बाजूने संध्याकाळी फोन केला हे दुसऱ्याला कळलं, की अहवाल कितीही चोख असो, त्याच्यावरचा विश्वास गेला.

चल वस्तू कोणत्या, हे पाहणीच्या दिवशीच खोलीवार लिहा. भिंतीत बसवलेलं कपाट, गीझर, इन्व्हर्टर, एसी, सोलर पॅनेल. सोलरवर वाद होतो, कारण तो छतावर बसवलेला असतो आणि त्याचं नेट मीटर वीज कनेक्शनच्या नावावर असतं. तो घराबरोबरच ठेवा.

केसरबाग

आणि समझोता काहीच झाला नाही तर? दोघांचा अर्धा-अर्धा हिस्सा, दोघांनाही घर हवंय.

सनद

वाटणीचा दावा. २० बाय ५० चं घर उभं कापून देता येत नाही, त्यामुळे १८९३ चा वाटणी कायदा कामाला येतो. कलम २ खाली अर्धा किंवा जास्त हिस्सा असणारा विक्रीची मागणी करू शकतो. पण त्याने ती मागणी केली की कलम ३ खाली दुसरा सहमालक म्हणू शकतो, मूल्यांकन करा, मी याचा हिस्सा घेतो. तेव्हा न्यायालयाने मूल्य ठरवून त्या किमतीला हिस्सा देऊ करायचा असतो. म्हणजे विक्रीची मागणी आधी करणारा घर गमावू शकतो. घर खरंच ठेवायचं असेल तर ही मागणी घाईने करू नका.

आणि समझोता झाला तर घराचं पूर्ण वर्णन, प्लॉट नंबर, क्षेत्रफळ, चतुःसीमा, याचिकेतच घाला. नोंदणी कायद्याच्या कलम १७(२)(६) मध्ये न्यायालयाच्या हुकुमाला नोंदणीतून सूट आहे, पण तडजोडीच्या हुकुमात दाव्याच्या विषयाबाहेरची मालमत्ता असेल तर ती सूट मिळत नाही. याचिकेत घराचा उल्लेख नाही आणि फक्त शेवटच्या समझोत्यात आहे, अशा वेळी नामांतरणाच्या टेबलावर अडकतं.

बँक या हुकुमाने बांधली जात नाही. सहकर्जदाराचं नाव काढायला बँकेची वेगळी मंजुरी लागते, ती घर ठेवणाऱ्याच्या एकट्याच्या उत्पन्नावर. ती मंजुरी लेखी हातात आल्यावरच दुसऱ्या प्रस्तावावर सह्या करा. १३ब मध्ये पहिल्या आणि दुसऱ्या प्रस्तावात सहा महिने असतात, २०१७ च्या अमरदीप सिंग निकालानंतर योग्य प्रकरणात न्यायालय ते माफ करू शकतं. माफी मागायच्या घाईत बँकेचं काम मागे राहिलं, तर घर एकाचं आणि कर्ज दोघांचं अशी स्थिती वर्षानुवर्षं राहते.

ओळंबा

हिश्शाची रक्कम हप्त्यांनी द्यायची असेल तर मूल्यांकनाची तारीख, प्रत्येक हप्त्याची तारीख, चुकल्यास व्याज आणि ताबा कधी, हे एकाच कलमात लिहा. अहवाल सहा महिन्यांपेक्षा जुना झाला आणि पैसे अजून दिले नसतील, तर त्याच मूल्यांककाकडून फक्त जमिनीचा दर नव्याने तपासून घेता येतो. मोजमाप पुन्हा करायची गरज नाही.

स्नेहलतागंज

पत्राचा मसुदा उतरवून घेतला. वर सांगितलेल्या पाच ओळी दोन्ही अहवालांत जुळवल्या, फरक प्लॉटच्या क्षेत्रफळात निघाला: एकाने मागची सामाईक गल्लीही धरली आहे.

ओळंबा

मग ती गल्ली रजिस्ट्रीच्या चतुःसीमेत कशी लिहिली आहे ते बघा. "मागे सामाईक गल्ली" असं सीमा म्हणून लिहिलं असेल तर ती तुमच्या प्लॉटबाहेर, मोजायची नाही. दोन्ही मूल्यांककांना त्या पानाची प्रत एकाच वेळी पाठवा आणि दुरुस्ती अहवाल मागा.